फोटोखालचं नाव

यंदाच्या १९ ऑगस्टला दुपारी नातीचा फोन आला. "आजी, साडेपाचला तयार राहा. फोटोंची प्रदर्शनं बघायला जायचंय." मी म्हटलं, "अगं, फोटो तर तू रोज मोबाइलवर दाखवतेसच की!" तर म्हणाली, "हे भिंतीवरचे आहेत. आणि एक नाही, एकाच इमारतीत तीन प्रदर्शनं आहेत." बाहेर पावसाची भुरभुर होती आणि गुडघ्यांची नेहमीची कुरकुर होती. पण नात स्वतःहून न्यायला येते म्हटल्यावर कुठली आजी नाही म्हणेल? गेले.

रिक्षात नातीने सांगितलं की १९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ साली याच तारखेला पॅरिसमध्ये लुई दागेर यांची रीत सगळ्यांसाठी जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटवायची ती रीत. मी ३६ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. लढायांच्या, तहांच्या, राज्याभिषेकांच्या तारखा अजून झोपेत विचारल्या तरी सांगेन. ही तारीख मात्र मी कधी फळ्यावर लिहिली नव्हती. नातीला म्हटलं, "बरं झालं सांगितलंस, निदान सत्तरी उलटल्यावर तरी कळलं."

तळमजल्यावर एका ज्येष्ठ छायाचित्रकारांचं प्रदर्शन होतं. सगळं काम कृष्णधवल. वारीतल्या बायका, आठवडे बाजारातला कासार, तमाशाच्या तंबूमागे आरशाच्या तुकड्यात बघून रंग लावणारी एक मध्यमवयीन बाई. स्वतः छायाचित्रकार एका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते आणि भोवती तरुण मुलंमुली उभी होती. ते डार्करूमविषयी सांगत होते. लाल दिवा, ट्रेमधलं रसायन, त्यात कोरा कागद सोडायचा, आणि मग हळूहळू त्यावर चेहरा वर येतो. "चाळीस वर्षं केलं, पण दर वेळी छातीत धडधड व्हायचीच," म्हणाले.

मला आमच्या वडिलांचा आग्फा क्लिक थ्री आठवला. एका रोलमध्ये १२ फोटो. तो रोल दिवाळीला घातला की मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत पुरवायचा. बारांतले दोन हललेले निघायचे आणि एकात हमखास वडिलांचा अंगठा असायचा. उरलेले नऊ म्हणजे त्या वर्षाचा आमच्या घरचा इतिहास!

या ज्येष्ठांच्या प्रदर्शनात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. प्रत्येक फोटोखाली माणसाचं नाव, गाव आणि साल होतं. आरशात बघणाऱ्या त्या बाईचंही पूर्ण नाव होतं. एका मुलाने त्यांना विचारलं, एवढी नावं लक्षात कशी राहतात? तर म्हणाले, "लक्षात नाही राहत, म्हणून वही ठेवतो. आधी नाव विचारायचं, मग कॅमेरा काढायचा." मला मास्तरकी आठवली. नव्या वर्गावर गेलं की पहिलं काम हजेरी.

जिन्यापाशी एक लहान खोली होती. तिथे जुन्या छायाचित्रांच्या नव्याने काढलेल्या प्रती लावल्या होत्या. मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले. नातीला जरा कंटाळा आला असेल, पण बिचारी काही बोलली नाही.

आपल्याकडे फोटोग्राफी किती लवकर आली पाहा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. कलकत्ता आणि मद्रासच्या संस्था त्यानंतर दोन वर्षांनी, १८५६ साली निघाल्या. डॉ. भाऊ दाजी लाड आपल्याला पुराणवस्तूंचे आणि शिलालेखांचे अभ्यासक म्हणून माहीत आहेत. मूळचे पेडण्याजवळच्या मांद्र्याचे. ते आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी दोघेही या सोसायटीत होते आणि नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. १८५५ साली तर एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफी शिकवण्याचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला. म्हणजे १८५७च्या आधी आपली मुलं शाळेत फोटो काढायला शिकत होती! आमच्या शाळेत २००० सालानंतर संगणकाचा वर्ग निघाला तेव्हा आम्ही केवढे मिरवलो होतो...

आणि ते शिकणं सोपं नव्हतं. त्या काळी काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. फोटो घेऊन झाला की वाळायच्या आत ती अंधारात धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काच किती भराभर वाळत असेल याची कल्पना करा. बसणाऱ्यालाही कितीतरी सेकंद न हलता बसावं लागे. त्यासाठी मानेमागे लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोंतली माणसं रागावल्यासारखी का दिसतात, याचं एक कारण हे.

पण या खोलीतल्या दोन पुस्तकांच्या पानांनी मला अस्वस्थ केलं. पहिलं पुस्तक विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या गोऱ्या अंमलदाराचं. मुंबईतल्या जातीजमाती दाखवणारे दोन खंड, १८६३ आणि १८६६ साली निघालेले. यातली गंमत म्हणजे, की थट्टा म्हणू, माणसांचे फोटो घेतले एकीकडे, मग त्यांच्या आकृती कापून मुंबईच्या रस्त्यांच्या आणि देवळांच्या फोटोंवर चिकटवल्या. बघणाऱ्याला वाटावं, की ही माणसं तिथेच उभी होती. दुसरं पुस्तक 'द पीपल ऑफ इंडिया'. सरकारने १८६८ ते १८७५ या काळात काढलेले आठ खंड आणि त्यांत साडेचारशेहून अधिक छायाचित्रं. कल्पना मुळात लॉर्ड कॅनिंग यांच्या हौसेतून निघाली, पण १८५७ नंतर राज्यकर्त्यांना आपली रयत ओळखायची गरज वाटू लागली आणि हौसेचं सरकारी काम झालं.

या पुस्तकांत काही राजेरजवाडे आणि मानकरी सोडले तर बहुतेकांच्या फोटोखाली नाव नाही. जात आहे, धंदा आहे, प्रांत आहे. माणूस समोर बसलाय, डोळ्यांत डोळे घालून बघतोय, त्याची मान आखडली असेल, घरी कुणी वाट बघत असेल, आणि खाली लिहिलंय फक्त जातीचं नाव. मी नातीला जरा तावातावानेच म्हटलं, "बघ, हे साहेबाचं राज्य! माणूस दिसतो, पण नाव विचारावंसं वाटत नाही." आजूबाजूच्या दोघातिघांनी वळून पाहिलं. वर्गात बोलायची सवय, आवाज काही खाली येत नाही.

मग वर पहिल्या मजल्यावर गेलो. तिथे पाच-सहा नव्या मुलामुलींचं काम होतं. रंगीत, मोठमोठं, काही तर मोबाइलवर काढलेलं. मला सगळंच कळलं असं नाही. एका मुलाने नुसत्या ओल्या भिंतींचे फोटो काढले होते. पण एका मुलीचे फोटो मला आवडले. तिने फक्त हात काढले होते. कणीक मळणारे, रद्दी बांधणारे, छत्रीच्या काड्या बसवणारे. चेहरे मागे थोडे धूसर. शेवटच्या फोटोत रुईच्या पानांची माळ ओवणारे हात होते. खालची पट्टी इंग्रजीत होती. मी मराठी माध्यमाची, नातीला विचारलं, "हे अनटायटल्ड म्हणजे काय गं?" म्हणाली, "म्हणजे नाव दिलेलं नाही, आजी."

मी चष्मा पुसून परत पाहिलं. मागचा चेहरा धूसर होता, पण कपाळावरचं गोंदण आणि डोक्यावरून घेतलेला पदर... मी ओरडलेच, "अगं, या तर आमच्या शाळेतल्या मावशी!"

ती फोटो काढणारी मुलगी धावत आली. विशी-बाविशीची असेल. तिला इतका आनंद झाला की तिने माझे दोन्ही हात धरले. "आजी, तुम्ही ओळखता यांना? किती छान! नाव काय त्यांचं?"

आणि मंडळी, मला नाव सांगता येईना.

मी "मावशी... मावशीच म्हणायचो आम्ही सगळे..." असं काहीतरी पुटपुटले. ती मुलगी हसली, म्हणाली, "काही हरकत नाही." पण मला चांगलीच हरकत होती. पाच मिनिटांपूर्वी खालच्या खोलीत मी साहेबाला नावं ठेवत होते. त्याने निदान त्या माणसांबरोबर एक तास घालवला असेल. मी या बाईंबरोबर २२ वर्षं एका छपराखाली काढली.

या मावशी कोण, ते सांगते. पावणेअकराची घंटा त्या द्यायच्या. माझी मुलगी लहान असताना एकदा तापाने फणफणली होती आणि परीक्षेमुळे मला रजा मिळेना, तेव्हा दुपारभर त्यांनी तिला मांडीवर घेऊन शिक्षकखोलीत बसवलं होतं. पाचवीतला एक मुलगा झाडावरून पडून हात मोडला, तर त्याला कडेवर घेऊन त्या दवाखान्यापर्यंत चालत गेल्या होत्या. पाऊस सुरू झाला की न सांगता आल्याचा चहा यायचा. एवढं सगळं आठवतं, आणि नाव? ते पगारपत्रकात होतं, कचेरीत. मला कधी लागलंच नाही.

त्या रात्री झोप लागेना. फोटो प्रसिद्ध आणि माणूस निनावी अशा गोष्टी एकामागून एक आठवत राहिल्या. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३६ साली, डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईंनी मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. दोन मुलं तिच्या खांद्यात तोंड लपवून उभी आहेत. हा फोटो जगभर गेला, पण लँगबाईंनी तिचं नाव विचारलंच नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव जगाला कळलं १९७८ साली, म्हणजे ४२ वर्षांनी. हिरव्या डोळ्यांची ती अफगाण मुलगी तुम्हाला आठवत असेल. स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत काढलेला तो फोटो पुढच्या वर्षी नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला. ती शरबत गुला आहे हे कळायला २००२ साल उजाडलं. आणि त्याच १९८४ सालच्या डिसेंबरात भोपाळमध्ये रघु राय यांनी मातीत पुरल्या जाणाऱ्या बाळाचा फोटो काढला. त्या बाळाचं नाव पुढेही कळलं नाही. तिथे विचारणार कुणाला आणि सांगणार कोण, हाही प्रश्नच होता.

कधी कधी तर कॅमेऱ्यामागच्या माणसाचंही नाव जातं. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. नवसारीत जन्म १९१३चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून येत. पुढे त्या 'डालडा १३' या टोपणनावानेही ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०११ साली, वयाच्या ९७व्या वर्षी. मात्र त्यांच्या सुरुवातीच्या फोटोंत वारंवार दिसणारी देखणी तरुणी कोण, हे आज माहीत आहे. ती जे. जे.मधली त्यांची वर्गमैत्रीण रेहाना मुगल. मैत्रिणीचं नाव मैत्रीण कशी विसरेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातून शाळेचे ग्रुप फोटो काढले. १९८६ सालचा फोटो मिळाला. दोन बाकं मांडून, काळं कापड डोक्यावर घेऊन फोटोग्राफर "हलू नका" म्हणाला होता, ते लख्ख आठवलं. खाली छापलेली नावं आहेत. खुर्चीवर बसलेले, डावीकडून : मुख्याध्यापक, मग आम्ही सगळे शिक्षक, पदव्यांसकट. मग मुलामुलींच्या चार रांगा, एकही नाव चुकलेलं नाही. उजव्या टोकाला, चौकटीच्या अगदी कडेला मावशी उभ्या आहेत. यादीच्या शेवटी लिहिलंय, 'व सेवकवर्ग'.

ती यादी मी केली होती. माझं अक्षर चांगलं म्हणून दर वर्षी माझ्याकडेच यायची.

आमच्या शाळेचे निवृत्त हेडक्लार्क आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना फोन केला. त्यांना मात्र नाव लगेच आठवलं, मस्टरवरचा क्रमांकसुद्धा. पण मला वाटलं, हे कचेरीतून मिळालेलं नाव झालं. एकदा त्यांना स्वतःला विचारावं. शनिवारी नात, ती फोटो काढणारी मुलगी आणि मी, अशा तिघी शाळेजवळच्या मारुतीच्या देवळाशी गेलो. पायरीजवळ मावशी माळा घेऊन बसल्या होत्या.

"मावशी, ओळखलंत का मला?"

"अवो बाई! वळखीन न्हाई व्हय?" म्हणत त्या उठायला लागल्या. मीच पायरीवर बसले. त्या मुलीने फोटोची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती लांब धरून, जवळ धरून पाहिली. "हात लई काळं दिसत्यात," म्हणाल्या आणि हसल्या. मग मी जिवाचा हिय्या करून विचारलं, "मावशी, इतकी वर्षं झाली, पण तुमचं नाव काय हो? फोटोखाली लिहायचंय."

वाटलं होतं, त्यांना वाईट वाटेल. त्यांना मुळीच वाटलं नाही. उलट त्यांनीच विचारलं, "कंचं सांगू? आईनं ठेवल्यालं का लग्नात बदलल्यालं?"

मी गप्पच झाले. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचे, हे मला काय माहीत नव्हतं? माझ्या स्वतःच्या आईचंही बदललं होतं. हेडक्लार्कना पाठ होतं ते नाव सासरचं होतं.

"तुम्हाला कुठलं आवडेल?" मुलीने विचारलं. मावशींनी थोडा वेळ माळ ओवली. मग म्हणाल्या, "आईनं ठेवल्यालं लिव. त्या नावानं हाक मारणारं आता कुनी ऱ्हायलं न्हाई." मुलीने लगेच वही काढून त्यांना तीनदा विचारून, अक्षर न् अक्षर लिहून घेतलं. मग माझ्याकडे बघून मावशी म्हणाल्या, "आन् बाई, तुमी ते काम्प्युटरवर लिवता म्हनं. तितं नगं माझं नाव. फोटोखालीच ऱ्हाऊ द्या." म्हणून ते इथे लिहीत नाही. प्रदर्शनातली पट्टी मात्र त्याच संध्याकाळी बदलली. आता तिथे मराठीत पूर्ण नाव आहे.

घरी येताना मला आनंदीबाई जोशींचा फोटो आठवला. तो तुम्ही नक्की पाहिला असेल. ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियातलं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय. तीन देशांतल्या तीन विद्यार्थिनी, आपापल्या देशाच्या पोशाखात : आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबुली. मूळ फोटोवरच खाली तिघींची नावं आणि गावं लिहिलेली आहेत. आनंदीबाई पदवी घेऊन परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत गेल्या. बाकी दोघींना आपण आज नावाने ओळखतो ते केवळ कुणीतरी त्या वेळी लिहून ठेवलं म्हणून. हा धडा मी वर्गात कितीदा शिकवला असेल! आणि दर वर्षी एक वाक्य सांगायचे, की आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना. मुलं ते गाळलेल्या जागा भरण्यासाठी पाठ करायची. मीही ते तेवढ्यापुरतंच सांगत होते. आता वाटतं, यमुना म्हणून हाक मारणारं त्यांना तिकडे परदेशी कोण होतं?

असो. बरंच लांबलं. १९८६च्या त्या ग्रुप फोटोच्या पाठीमागे मी पेन्सिलीने मावशींची दोन्ही नावं लिहून ठेवली आहेत. पेन्सिलीनेच, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पसरते. तुमच्याही घरी पत्र्याच्या डब्यात जुने फोटो असतीलच. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर येत्या रविवारी त्यांच्याजवळ तो डबा घेऊन बसा, आणि घरी कामाला येणाऱ्या मावशी, गडी, कडेला उभा असलेला टांगेवाला, सगळ्यांची विचारा.

आणि आमच्या गोतावळ्यासाठी एक काम. आजोळच्या वाड्याच्या ओसरीवरचा, माझ्या आईच्या लग्नातला फोटो तुम्हा सगळ्यांकडे आहे. त्यातल्या अकराजणांची नावं माझ्याकडे आहेत. खांबाला टेकून उभी असलेली परकरातली मुलगी आणि मागच्या दारातून डोकावणारी बाई, या दोघी राहिल्या आहेत. कुणाला माहीत असेल तर फोन करा. रात्री नऊपर्यंत मी जागी असते.